ट्रस्टचं कुंपण नेमकं कुठे संपतं?

स्पेंडथ्रिफ्ट ट्रस्ट म्हणजे असा ट्रस्ट, ज्यात लाभार्थीला आपला हिस्सा हाती येण्याआधी दुसऱ्याला देता येत नाही आणि त्याच्या सावकारांनाही तो घेता येत नाही. अमेरिकेतल्या अशा ट्रस्टमधला पैसा सावकारांपासून सुरक्षित असतो, असं मी वाचलेल्या एका लेखात सरसकट म्हटलंय. ते अर्धंच खरं आहे. संरक्षण असतं ते पैसा ट्रस्टीच्या हातात असेपर्यंत. लाभार्थीच्या बँक खात्यात रक्कम पडली की ती साधी रोकड, तिच्यावर जप्ती येऊ शकते.

खरी गोम त्याच्या अलीकडे आहे. समजा, दस्तात लिहिलंय की अमुक वयाला इतकी रक्कम द्यायचीच. ती तारीख उलटली आणि ट्रस्टी वाजवी मुदतीनंतरही पैसे अडकवून बसला, तर युनिफॉर्म ट्रस्ट कोड (ट्रस्टबद्दलचा, राज्यांसाठी बनवलेला नमुना कायदा) स्वीकारलेल्या बहुतेक राज्यांत सावकार त्या थकलेल्या रकमेवर हात टाकू शकतो. कॅलिफोर्नियात तर २०१७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं: देय झालेली मुद्दलाची रक्कम पूर्ण मिळू शकते (उदरनिर्वाह-शिक्षणासाठी ठेवलेली आणि खरंच लागणारी सोडून), शिवाय पुढच्या हप्त्यांतून २५ टक्क्यांपर्यंत.

आणि त्या लेखात मुलांच्या पोटगीचा उल्लेखच नाही, हे मला फार खटकलं. बहुतेक राज्यांत तिच्यापुढे हे कुंपण टिकत नाही, आणि टिकूही नये.