शनिवार रिकामा होणार नाही

डेटिंग ॲपवरच्या माझ्या प्रोफाइलमध्ये ‘रोल-प्लेइंग गेम्स’ हे शब्द गेली दीड वर्षे आहेत, आणि ते वाचून आलेल्या पुरुषांपैकी निदान निम्म्यांनी पहिल्याच मेसेजमध्ये मला नर्स व्हायला आवडेल की शिक्षिका, असे विचारले आहे. पुढचा ‘गेम्स’ हा शब्द त्यांना दिसतच नाही. अनोळखी बाईला असा प्रश्न विचारताना या लोकांना जराही लाज कशी वाटत नाही, याचा मला मनस्वी संताप येतो.

मी दर शनिवारी संध्याकाळी पुण्यात पाच जणांबरोबर टेबलाभोवती बसून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत काय करायचे ते ठरवतात, आणि बेत जमला की फसला हे वीस बाजूंच्या फाशावर ठरते. गोष्ट चालवणाऱ्याला डन्जन मास्टर, म्हणजे थोडक्यात डीएम म्हणतात, आणि आमच्या गटात ते काम माझ्याकडे आहे. म्हणून मध्यंतरी वैतागून मी ते जुने शब्द काढले आणि ‘दर शनिवारी मी डीएम असते’ असे लिहून पाहिले, तर लोकांनी डीएमचा अर्थ ‘डायरेक्ट मेसेज’ असा घेतला, शनिवार उजाडताच मेसेजचा पाऊस सुरू झाला आणि उत्तर दिले नाही म्हणून ‘स्वतःच डीएम कर म्हणतेस आणि भाव खातेस’ असे उलट मलाच सुनावण्यात आले. जुने शब्द मी परत टाकले.

‘मीही गेमर आहे’ म्हणणारे मोबाइलवर बीजीएमआय हा गोळीबाराचा ऑनलाइन खेळ खेळत असतात. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, पण माझी रँक काय आणि मी जिंकते का, याच्या पलीकडे त्यांचा प्रश्न जात नाही. आमच्या खेळात रँक नसते आणि कोणी कोणाला हरवायचेही नसते, हे सांगितले की बोलणे तिथेच संपते.

फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका कॅफेत भेटलेल्या गृहस्थाने तर माझी फाशांची थैली न विचारता उचलली आणि टेबलावर पालथी केली. गडद हिरव्या रंगाचा, सोनेरी आकड्यांचा वीस बाजूंचा फासा घरंगळत शेजारच्या टेबलाखाली गेला. आमची तीन वर्षे चाललेली गोष्ट संपली, तेव्हा गटातल्या सगळ्यांनी मिळून तो मला दिला होता. मी गुडघ्यांवर बसून लोकांच्या चपलांमधून तो शोधत असताना वरून आवाज आला, “जुगार खेळतेस, हे घरी चालतं?” मी फासा उचलला, माझ्या कॉफीचे पैसे ठेवले आणि निघाले.

तरीही सगळ्यात जास्त राग मला यांच्यापैकी कोणाचाच आलेला नाही. तो आला आहे एका सुशिक्षित, गोड बोलणाऱ्या माणसाचा, ज्याला मी दोन महिने भेटत होते. तो दर रविवारी पहाटे उठून कधी राजगड, कधी तोरणा, कधी हरिश्चंद्रगड गाठायचा, आणि त्याचा रविवार मी एकदाही मागितला नाही. माझा शनिवार मात्र त्याला पहिल्या दिवसापासून खुपत होता. “हे पोरखेळ अजून किती दिवस?” असे तो हसत विचारायचा, आणि एकदा लग्नाचा विषय निघाल्यावर “तेव्हा हे बंद होईलच ना?” असे त्याने अगदी सहज म्हटले. चार तासांच्या त्या खेळासाठी मी आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तयारी करते. गटातला एक जण त्यासाठी निगडीहून येतो, तर एक मैत्रीण तान्ह्या बाळाला सासूबाईंकडे ठेवून येते, आणि मी गेले नाही तर सगळ्यांचीच संध्याकाळ वाया जाते. गड चढणे हा छंद आणि गोष्ट रचणे हा पोरखेळ, हे कोणी ठरवले? बरे, दोन महिन्यांत त्याने ‘गेल्या शनिवारी काय झालं?’ एवढेही कधी विचारले नाही.

परवा त्याचा मेसेज आला, “शनिवार रिकामा झाला की कळव.” मी त्याला ब्लॉक केले.