चालणे थांबते तेव्हा लागणारी साधने

पावसाळा सुरू झाला की महाराष्ट्रातले ट्रेकिंगचे वाद इथे स्कॉटलंडमध्ये बसूनही रोज वाचायला मिळतात. कुठल्यातरी गडावर कोणी पडते, कोणी धबधब्यात वाहून जाते, मग जिल्हाधिकारी मनाईचा आदेश काढतात आणि लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, महागडे बूट आणि जॅकेट चढवले की हल्ली कोणीही स्वतःला गिर्यारोहक समजतो; गडाखालच्या वाडीतली पोरे साध्या चपलेवर कडा चढून जातात, त्यांचे काय अडते? दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की योग्य साधने नसतील त्याला पायथ्यालाच अडवावे. दोन्ही प्रकारच्या लोकांबरोबर मी सह्याद्रीत हिंडले आहे आणि आता बरीच वर्षे इथल्या डोंगरांत हिंडते आहे. मला वाटते, दोन्ही तट साधनांचा विचार चालण्यापुरता करतात. डोंगरातली खरी साधने लागतात ती चालणे थांबते तेव्हा.

कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे आणि ब्रिटनमधले सर्वांत उंच शिखर, बेन नेव्हिस, अवघे १३४५ मीटर. तरीही बेन नेव्हिसच्या माथ्यावरचे वर्षाचे सरासरी तापमान शून्याच्या आसपास असते आणि भर उन्हाळ्यातही भिजलेल्या अंगावर वारा लागला की शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणूनच इथल्या जाणत्या माणसाच्या सॅकेत नकाशा, होकायंत्र, हेडटॉर्च, शिट्टी आणि एक जादा गरम कपडा असतोच. त्याशिवाय असते ती जाड प्लॅस्टिकची भडक केशरी पिशवी, आख्खा माणूस मावेल एवढी. बहुतेक वेळा तिची घडीसुद्धा मोडत नाही. पण पाय मुरगळून कोणी खाली बसले की चालताना आलेला घाम थंड पडतो आणि थोड्याच वेळात दातांवर दात आपटू लागतात. अशा वेळी कोरडा कपडा चढवायचा, त्या पिशवीत शिरायचे, जमिनीचा गारवा लागू नये म्हणून रिकामी सॅक बुडाखाली घ्यायची आणि एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा, असा इशारा देत राहायचे. अंधारात हाच इशारा टॉर्चने देतात. ही सगळी सामग्री वजनाला हलकी आहे आणि मिरवण्यासारखे तिच्यात काहीच नाही, म्हणून आपल्याकडच्या वादात तिचे नावही निघत नाही.

नोव्हेंबर १९७१ मध्ये इथल्या केर्नगॉर्म पठारावर हिमवादळात सापडून पाच शाळकरी मुले आणि त्यांच्याबरोबरची एक शिकाऊ प्रशिक्षक मृत्युमुखी पडली. त्या दुर्घटनेनंतर मुलांना डोंगरात नेणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे आणि पात्रतेचे नियम कडक झाले, परंतु डोंगर बंद झाले नाहीत. उलट २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने, जबाबदारीने वागण्याच्या अटीवर, जवळजवळ सर्व मोकळ्या जमिनीवर फिरण्याचा हक्क लोकांना मिळाला. अडकलेल्याला आणायला जाणारी पथके स्वयंसेवकांची असतात आणि ती पैसे घेत नाहीत. तशी निष्ठेने काम करणारी पथके लोणावळ्यापासून महाबळेश्वरपर्यंत आपल्याकडेही आहेत, आणि त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे.

मात्र इथली यादी जशीच्या तशी सह्याद्रीत नेणे चुकीचे ठरेल. पाणी रोखून घामाची वाफ बाहेर सोडणारे जॅकेट बाहेरची हवा थंड आणि कोरडी असेल तेव्हा नीट काम करते. जुलैच्या दमट, उबदार हवेत त्या वाफेला बाहेर जायला वावच उरत नाही आणि माणूस आतून घामाने चिंब होतो. जलरोधक बुटांचे तसेच. ओढा ओलांडताना वरून पाणी शिरले की ते आतच राहते. त्यापेक्षा पाणी वाहून जाईल असा, शेवाळलेल्या कातळावर तळव्याची पकड राहील असा हलका बूट बरा. एका दिवसाच्या चढाईला साठ लिटरची सॅक म्हणजे नाकापेक्षा मोती जड. सह्याद्रीत गारठ्याइतकाच, किंबहुना अधिक, उष्णतेचा घात होतो. मार्चनंतर गडावरची अनेक टाकी आटतात, आणि तेव्हा पुरेसे पाणी हेच पहिले साधन असते.

राहिला वाडीतल्या पोराचा दाखला. त्याच्या पायात चपला असतात हे खरे. पण त्याला सुट्या मातीदगडांचा घसारा कुठे सुटतो आणि धुक्यात कोणती नाळ, म्हणजे डोंगरातली अरुंद घळ, फसवते हे पाठ असते, पाठीवर ओझे नसते, आणि दिवेलागणीपर्यंत तो परतला नाही तर त्याला कुठे शोधायचे हे अख्ख्या वाडीला ठाऊक असते. शहरातून बसने आलेल्या चाळीस जणांच्या गटाकडे ह्यातले काय असते? दोर आणि प्रथमोपचाराची पेटी म्होरक्याजवळ, बाकीच्यांजवळ पाण्याची बाटली आणि मोबाइल. त्यातला एक जण धुक्यात मागे पडला, तर म्होरक्याची पेटी त्याच्या उपयोगाची नाही.

हरिहर गडाच्या अरुंद पायऱ्यांवर रांग लागते, तिथे संख्येवर मर्यादा हवीच. इतकी दाटी इथे नसते, त्यामुळे त्या बाबतीत इथला अनुभव आपल्याला फारसे शिकवू शकत नाही. पण सरसकट मनाई तयारीच्या माणसालाही अडवते आणि बिनतयारीच्या माणसाला आडवाटेने, वाटाड्याशिवाय वर जायला लावते, हे मला फार जाचते. त्याऐवजी आयोजकाने पायथ्याशी प्रत्येकाची सॅक उघडून पाहावी: टॉर्च, शिट्टी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कोरडा जोड, ऋतूप्रमाणे पाणी. नसेल त्याला खालीच ठेवण्याचे धैर्य आयोजकाने दाखवावे, त्याने पैसे भरलेले असले तरी. आणि वर निघण्यापूर्वी किती जण, कोणत्या वाटेने, किती वाजेपर्यंत परत, एवढे शेवटच्या घरी सांगून जावे, म्हणजे रात्री बचाव पथक आले तर त्याला सगळ्या घळी धुंडाळाव्या लागणार नाहीत.