नुकसान कुणाच्या पासबुकात?

युरो शंभर रुपयांच्या वर गेला त्या दिवशी घरच्या ग्रुपवर भाच्यानं लिहिलं, ‘मामा, मज्जा आहे तुमची!’ लगेच जुंपली. एकाच्या मते रुपया घसरला म्हणजे देशाचं नाक कापलं गेलं, दुसऱ्याच्या मते निर्यात वाढणार. मी सायप्रसमध्ये, लिमासोलच्या एका जहाज कंपनीत नोकरी करतो. रुपयाचं नाक हा विषय मला 2013 पासून फारसा शिवत नाही.

त्या वर्षी 16 मार्चच्या शनिवारी सकाळी दूध आणायला निघालो तर एटीएमसमोर ही रांग. सोमवारी सणाची सुट्टी, तोच मुहूर्त साधला होता. बुडत्या बँका वाचवायला रातोरात ठरलेला बेत असा: एक लाख युरोपर्यंतच्या ठेवींतून 6.75 टक्के कापायचे, त्यावरच्यांतून 9.9. एक लाखापर्यंत ठेव विमा होता, म्हणजे बँक बुडाली तरी तेवढे परत मिळण्याची हमी, तरीही! संसदेत बेताच्या बाजूनं एकही मत पडलं नाही. तोवर बँकांना टाळंच. पेट्रोल पंपावर पाटी लागली, फक्त रोख.

शेवटी एक लाखाच्या आतले वाचले. मीही त्यातच, कारण तेवढे पैसे कधी साठलेच नव्हते. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यानं मात्र जमीन विकून एक लाख ऐंशी हजार सर्वात मोठ्या बँकेत ठेवले होते. विम्यावरच्या ऐंशी हजारांतले साडेसत्तेचाळीस टक्के, म्हणजे अडतीस हजार युरो, त्याच बँकेचे शेअर झाले. ‘आता मी बँकेचा मालक,’ असं तो कॉफी ढवळत सांगायचा.

बँकांनी ग्रीस सरकारचे कर्जरोखे घेतले होते, त्यांतले अर्ध्याहून जास्त पैसे 2012 मध्ये बुडाले. सायप्रसचा स्वतःचा पाउंड असता तर सरकारनं नोटा छापल्या असत्या, पाउंड पडला असता, आणि हे नुकसान पाव, पेट्रोल, औषधं यांतून सगळ्यांच्या खिशातून थोडं थोडं गेलं असतं. कुणी नेलं ते कळलंही नसतं. पण पाउंड 2008 लाच गेला होता आणि युरोची किल्ली फ्रँकफर्टला, युरोपच्या मध्यवर्ती बँकेकडे. मग नुकसान नावानिशी लिहावं लागलं.

आपल्याकडे रुपया आपला, तरी सहकारी बँकेचा ठेवीदार मला सायप्रसचाच नागरिक वाटतो. सप्टेंबर 2019 मध्ये मुंबईच्या पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा आधी सहा महिन्यांत मिळून हजार रुपये काढायची मुभा होती. मर्यादा पुढे वाढत गेली, पण इथे सायप्रसमध्ये बँका उघडल्या तेव्हा दिवसाला तीनशे युरो मिळत होते. आपला ठेव विमा 1993 पासून एक लाख रुपयांवर अडकलेला, तो फेब्रुवारी 2020 मध्ये पाच लाख झाला. पीएमसीच्या मोठ्या ठेवीदारांचे उरलेले पैसे दहा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्यानं मिळायचे ठरले. येस बँक मोठी, तिला स्टेट बँकेनं हात दिला आणि मार्च 2020 मधले निर्बंध दोन आठवड्यांच्या आत उठले.

गंमत म्हणजे बुडत्या बँकेचा भार ठेवीदारांवर टाकू शकणारं कलम 2017 च्या एका विधेयकात होतं. केवढा गदारोळ झाला! 2018 मध्ये विधेयक मागे घेतलं, सगळ्यांना हायसं वाटलं, माझ्या घरच्यांनाही. पुढच्याच वर्षी पीएमसी. कलम नव्हतं, भार ठेवीदारावरच आला.

भाच्याला एवढं सगळं लिहिलं नाही. फक्त विचारलं, आजीची एफडी कुठे आहे रे?

‘चौकातल्या सहकारी बँकेत. साडेसहा लाख. अर्धा टक्का जास्त देतात ना.’