मान आणि मोन्रेआले

युरोपात चर्च बघायला जाणाऱ्याकडे तीन गोष्टी हव्यात: सुटी नाणी, गुडघे झाकणारी पँट आणि तिशीच्या आतली मान. सिसिलीतल्या मोन्रेआलेच्या कॅथीड्रलसमोर उभा राहिलो तेव्हा माझ्याकडे यातली नाणी तेवढी होती. बाकी अंगात थ्री-फोर्थ, आणि मानेत दोन मणक्यांच्या मधली कमी झालेली गॅप. तिच्याबद्दल ठाण्याच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "पंखे पुसायचे नाहीत, माळ्यावरचं काढायचं नाही, वर बघायचं नाही." त्यातल्या पहिल्या दोन सूचना मी वर्षानुवर्षं निष्ठेने पाळत आलोय.

पालेर्मोपर्यंत येऊन मोन्रेआले टाळायची सोय नाही. एक तर ते शहरापासून आठ-दहा किलोमीटरवर, समोरच्या डोंगरउतारावर. त्यात सिसिलीची एक म्हण आडवी येते: जो पालेर्मोला जाऊन मोन्रेआले बघत नाही, तो गाढव म्हणून निघतो आणि जनावर होऊन परततो. आमच्या घरमालकीणबाईंनी ही म्हण पहिल्याच सकाळी कॉफीबरोबर दिली. इटलीत शिकणाऱ्या आमच्या लेकीने ती मराठीत आणली आणि सासूबाईंनी मनावर घेतली.

"म्हणजे निघताना गाढव आपण आहोतच?" मी विचारलं.

"ते तुमचं तुम्ही बघा, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "मला जनावर होऊन सांगलीला परतायचं नाहीये."

त्यांचा मूळ आक्षेप वेगळाच होता. कॅथीड्रलच्या भिंतींवरचं मोझेक बघायला एवढ्या लांब कशाला जायचं, सांगलीच्या घरात हॉल, माजघर आणि जिना मोझेकचाच आहे की, आणि आठवड्यातून एकदा रॉकेलच्या फडक्याने पुसला तर आरशासारखा दिसतो. पण म्हणीपुढे आक्षेप टिकला नाही.

बसबद्दल फार बोलत नाही. स्टॉपवर लावलेली वेळ ही बसची इच्छा असते, बांधिलकी नसते, एवढं समजायला आम्हाला तासभर लागला. मिळाली तेव्हा ती गच्च होती आणि वळणावळणाने चढत होती. खाली कोंका द'ओरोचं खोरं. एकेकाळी लिंबू-संत्र्यांच्या बागांसाठी नावाजलेलं. महायुद्धानंतर बिल्डरांनी तिथे काय पिकवलं ते खिडकीतून दिसत होतं, आणि घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

बस चढत होती तोवर लेकीने गोष्ट सांगितली. सिसिलीचा नॉर्मन राजा दुसरा गुलेल्मो, इंग्रजीतला विल्यम, शिकारीला आला आणि इथल्या एका झाडाखाली त्याला डोळा लागला. स्वप्नात मेरी आली. म्हणाली, तुझ्या वडिलांनी याच झाडाखाली धन पुरलंय, ते काढ आणि माझं देऊळ बांध. झाड उपटलं, धन निघालं, 1174 च्या सुमारास काम सुरू झालं.

"दृष्टांत झाला," सासूबाई म्हणाल्या. त्यांना यात काहीच अडचण वाटली नाही. कोकणातल्या निम्म्या देवळांचा इतिहास त्यांना याच धर्तीवर पाठ आहे.

इतिहासकारांना मात्र अडचण वाटते. पालेर्मोचा आर्चबिशप वॉल्टर तेव्हा भलताच वजनदार झाला होता. तो राजाचा लहानपणचा मास्तर, असंही म्हणतात. मास्तरांना शह देण्यासाठी राजाने हाकेच्या अंतरावर दुसरं पीठ उभं केलं आणि 1182 मध्ये त्यालाही आर्चबिशपचा दर्जा मिळवून दिला. गल्लीतल्या मंडळाशी बिनसलं की पुढच्या चौकात स्वतःचा गणपती बसवतात, अगदी तसं. मग मास्तर तरी गप्प कसे बसतील? त्यांनी खाली पालेर्मोचं कॅथीड्रल नव्याने बांधून काढलं. दोन मंडळांच्या चढाओढीत वर्गणी कोणी भरली हे कुठल्याच पुस्तकात नसतं.

दारात एक गृहस्थ फक्त गुडघे आणि खांदे बघायला उभे होते. आपल्याकडे देवस्थानांनी कपड्यांचे फलक लावले की चॅनेलवर रात्री नऊची चर्चा झडते. इथे चर्चा नव्हती, बोट होतं. ते आधी लेकीच्या खांद्यांकडे वळलं, मग माझ्या गुडघ्यांकडे. तिला कागदी कापडाची एक झूल मिळाली. माझ्यासाठी बायकोने पर्समधून ओढणी काढली आणि कंबरेभोवती गुंडाळली. गुलाबी, बांधणीची, आरसे लावलेली. सासूबाई दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन पुढे आल्या तेव्हा त्या गृहस्थांनी चक्क मान झुकवली. त्या दिवशी त्या इमारतीत खाली वाकलेली ती एकमेव मान.

कारण आत सगळं वर आहे.

भिंतींच्या खालच्या भागात संगमरवर, आणि मग तिथून छतापर्यंत सोनं. भिंती, कमानी, कमानींच्या आतल्या बाजू, कोपरे, एक वीत जागा सोडलेली नाही. सहा हजार चौरस मीटरहून जास्त मोझेक आहे, लेक म्हणाली. सासूबाईंच्या माहेरी शेती. त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. "साठ गुंठ्यांच्या वर गेलं की!" आणि पहिल्यांदाच माजघराच्या फरशीचा विषय मागे पडला.

ही काम करण्याची पद्धत मोठी खटपटीची. सोन्याचा वर्ख काचेच्या दोन थरांमध्ये धरायचा, त्याचे नखाएवढे तुकडे करायचे आणि ओल्या चुन्यात एकेक बसवायचा. तेही सपाट नाही, किंचित तिरके, वेगवेगळ्या कोनांत, म्हणजे माणूस खालून चालू लागला की भिंत लकाकत राहते. याचा व्यावहारिक अर्थ असा की एका जागी उभं राहून उरकता येत नाही. चालायचं, आणि चालताना वर बघायचं. मी दोन खांबांना, एका फ्रेंच बाईला आणि दानपेटीला धडकलो. फ्रेंच बाई वर बघत होती, त्यामुळे तिला कळलंच नाही.

टोकाला, गाभाऱ्यासारख्या अर्धगोल जागेत, ख्रिस्त. कमरेपासून वरचाच, पण असा प्रचंड की नुसत्या उजव्या हातात आमचा वन-बीएचके मावला असता. एवढ्या सोन्यामध्ये त्याचा चेहरा मात्र थकलेल्या, समजूतदार माणसाचा आहे. तो थेट माझ्याकडे बघत होता. मी बांधणीची ओढणी सावरली.

एवढ्यात अंधार झाला.

तर ती सुट्या नाण्यांची गोष्ट. खांबाजवळ एक पेटी असते. नाणं टाकलं की दिवे लागतात, थोड्या वेळाने खट् आवाज होऊन जातात. मग सगळे पर्यटक त्या अंधुक उजेडात अत्यंत सभ्यपणे उभे राहतात आणि दुसरं कोणीतरी नाणं टाकेल याची वाट बघतात. हातात हजार युरोचा कॅमेरा असलेला माणूस खिशात हात घालून छताकडे बघतो, जणू ईश्वरी प्रकाशाची वाट बघतोय. सासूबाईंना हा प्रकार सहन होईना. "अहो, टाका ना! आरतीच्या ताटात टाकायला कधी मागेपुढे बघता का?" मी टाकलं. तीसेक लोकांनी एकदम माना वर केल्या. माझ्या पैशाने, पण आभार मानायला कोणी खाली बघेना.

आता खरी गंमत. ऑडिओ गाइड आम्ही एकच घेतला होता, तो बायकोच्या कानाला. ती नियमाने एक नंबर, दोन नंबर करत पुढे सरकत होती. सासूबाईंनी बायबल उघडलेलं नाही, चित्रांवरची लॅटिन-ग्रीक अक्षरं त्यांच्या लेखी नक्षीच. पण आयुष्यभर कीर्तनं ऐकलेली बाई. त्या नुसत्या भिंतीकडे बघून कथा लावू लागल्या. आधी सृष्टी उत्पन्न झाली. मग देव बसला. "दमला बिचारा." मग बाई, साप आणि फळ. "इथून सगळं बिघडणार." मग नाव बांधणारा म्हातारा. "हा मनू. मासा कुठे दिसत नाही तो?" पुढे हाच म्हातारा पाणी ओसरल्यावर द्राक्षाची दारू पिऊन आडवा पडलेला आहे आणि मुलं त्याच्यावर पांघरूण घालतायत. सासूबाईंनी ते चित्र बराच वेळ पाहिलं. "एवढं जग वाचवलं, आणि मग हे. आमचे अण्णा असेच होते." अण्णा कोण ते मला आजवर कोणी सांगितलेलं नाही, आणि मी विचारलं नाही.

मग एका चित्रापाशी त्या थांबल्या. विहीर, एक मुलगी, एक पाहुणा आणि उंट.

"ही मुलगी सून म्हणून पसंत पडणार," सासूबाई म्हणाल्या.

"कशावरून?"

"पाहुण्याने पाणी मागितलं असेल. ही उंटांनाही पाजतेय. न सांगता. बघायला आलेला माणूस हेच बघतो."

बायकोने कानातला गाइड पॉज केला आणि आमच्याकडे वळली. ती रिबेका. अब्राहमचा नोकर मालकाच्या मुलासाठी मुलगी बघायला निघालेला, आणि जी उंटांनाही पाणी पाजील तीच, अशी त्याने मनाशी खूण बांधलेली. आठशे वर्षांपूर्वी कुण्या कारागिराने निरक्षर माणसांसाठी लावलेल्या काचा सांगलीच्या बाईला पूर्ण कळल्या होत्या, आणि आम्ही पाच युरो भाडं भरून नंबर शोधत होतो. खट्. अंधार. मी पुन्हा नाणं टाकलं.

गाभाऱ्याच्या भिंतीवर संतांच्या रांगेत एक उभा होता, त्याच्यापाशी लेक थांबली. "आजी, हा थॉमस बेकेट. कँटरबरीचा आर्चबिशप. इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीशी त्याचं वाजलं, आणि 1170 मध्ये हेन्रीच्या सरदारांनी त्याला चर्चमध्येच मारलं. 1173 मध्ये तो संत झाला. आणि 1177 मध्ये आपल्या गुलेल्मोने लग्न केलं ते याच हेन्रीच्या मुलीशी."

"आणि लग्न झाल्यावर भिंतीवर लावला कोणाला? सासऱ्याच्या माणसांनी मारलेल्याला?"

"हो."

सासूबाईंनी भिंतीवरची नजर काढून माझ्यावर ठेवली. "जावई इथून तिथून सारखेच."

तोवर सासऱ्याने त्याच संताच्या थडग्यापुढे जाऊन साधूंकडून फटके खाल्ले होते, 1174 मध्येच प्रायश्चित्त झालं होतं, असा एक मुद्दा मी गुलेल्मोच्या बाजूने मांडला. "फटके खाल्ल्यावर तरी सोडायचं होतं," त्या म्हणाल्या. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि नाणीही संपली होती. लाकडी छत तेवढं मी बघितलं नाही. 1811 च्या आगीत त्याचा बराच भाग जळाला आणि नंतर नव्याने केला, हे वाचल्यावर मानेला तेवढी सूट देण्यात मला काही गैर दिसलं नाही.

शेजारच्या मठाच्या चौकाचं तिकीट वेगळं. बाहेर या, वळसा घाला, नवी रांग लावा. पण आत गेल्यावर मला वाटलं, सुटलो. मधे हिरवळ, चारी बाजूंनी ओवऱ्या, प्रत्येक बाजू 47 मीटर, आणि जोडीजोडीने उभे 228 सडपातळ खांब. खांबांची डोकी साधारण आपल्याच उंचीला. कोणाच्या अंगावर काचांची नागमोडी नक्षी, कोणी साधाच, आणि कितीतरी खांबांवरचे तुकडे कोणीतरी उकरून नेलेले. "इथेपण?" सासूबाईंना जरा बरं वाटल्यासारखं दिसलं.

सुटलो नव्हतो. प्रत्येक खांबाच्या डोक्यावरचं कोरीव काम वेगळं आहे आणि ते चारी बाजूंनी वेगळं आहे. कुठे पानं, कुठे लढणारी माणसं, कुठे बैलाचा बळी, एका ठिकाणी खुद्द गुलेल्मो चर्चची छोटी प्रतिकृती मेरीच्या हाती देतोय. बायकोने जाहीर केलं की ती सगळ्यांचे फोटो घेणार. सगळ्यांचे. चारी बाजूंनी. माझं काम मोजण्याचं. तिसऱ्या बाजूला एका जपानी ग्रुपमुळे आकडा हरवला आणि ती शांतपणे म्हणाली, "अहो, पहिल्यापासून घेऊ या." कोपऱ्यात एक छोटं कारंजं आहे, खजुराच्या खोडासारखा कोरलेला खांब आणि वरच्या तोंडांतून पडणारं पाणी. त्याच्या कट्ट्यावर मी टेकलो. रखवालदार आला. इथेही बोटच होतं.

शेवटी गच्चीवर जायचं ठरलं. जिना इतका अरुंद की वरून येणाऱ्याने आणि खालून जाणाऱ्याने एकमेकांची ओळख करून घेतलेली बरी. सासूबाई गुडघ्यांना न विचारता चढल्या. वरून डावीकडे समुद्र, खाली पालेर्मो, आणि बरोबर पायाखाली तो चौक, पूर्ण, एका नजरेत. म्हणजे दिवसभरात पहिल्यांदाच खाली बघायची गोष्ट आली होती.

"जावईबापू, खाली बघा ना!"

मला बघायचं होतं. मान बघत नव्हती. ती दुपारच्या कुठल्यातरी क्षणी, बहुधा रिबेकापाशी, चाळीस अंशांवर जाऊन थांबली होती आणि आता कोणाचं ऐकत नव्हती. माझ्या वाट्याला मठाच्या चौकाच्या बरोबर वरचं आकाश आलं. निरभ्र होतं.

परतीच्या बसमध्ये मी छताला लावलेली सगळी सूचनापत्रकं वाचली. पालेर्मोत उतरल्या उतरल्या लेक मला हिरव्या क्रॉसच्या औषधाच्या दुकानात घेऊन गेली. तिथल्या बाईंना काय झालं ते सांगायला तिने तोंड उघडलं, पण त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि विचारलं, "मोन्रेआले?"

मी होकारार्थी मान हलवू शकलो नाही. त्यांना तेवढं पुरलं. त्यांनी खणातून मलमाची एक ट्यूब काढून काउंटरवर ठेवली. मग त्यांचं लक्ष सासूबाईंच्या हातातल्या, चेफालू नावाच्या जवळच्या गावाच्या माहितीपत्रकाकडे गेलं. 2015 मध्ये युनेस्कोच्या यादीत मोन्रेआलेबरोबरच चेफालूचं कॅथीड्रलही गेलं. तिथेही सोन्याचे मोझेक, तिथेही ओवऱ्या, आणि तिथला ख्रिस्त याच्याहून जुना. सासूबाईंनी गाडीची वेळही बघून ठेवली होती.

बाईंनी दुसरी ट्यूब काढली.