'उगाच घाबरवता' म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार. अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या ब्राइस कॅन्यन या राष्ट्रीय उद्यानावरच्या माझ्या लेखावरची तुमची निनावी प्रतिक्रिया वाचली. इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते: ब्राइसला दोन तास पुरतात, हॉटेलांबद्दल मी काही लिहिलं नाही, फोटो कमी आहेत, आणि "उंची, पाणी, विजा असलं लिहून वयस्कर माणसांना उगाच घाबरवता. आम्ही आईबाबांना झायनहून थेट नेलं, काही झालं नाही. स्वतःला रेंजर समजता का?"

मतभेदाचं मला वावडं नाही. पण 'रेंजर समजता का' ही काय बोलायची रीत झाली? माझ्या घरी चहाला बसला असता तर हेच तोंडावर म्हणाला असता का? नाव लिहायचं नाही म्हटलं की जीभ सैल सुटते, दुसरं काय.

एक मान्य. सनसेट पॉइंट ते सनराइज पॉइंट ही कड्यावरची अर्ध्या मैलाची वाट पक्की आणि जवळजवळ सपाट आहे. गुडघे दुखणाऱ्यांनाही ती जमते. हे मी लेखाच्या शेवटी लिहिलं होतं, आता वर घेते.

आता तुमचं 'उगाच'. झायन हे यूटातलंच दुसरं राष्ट्रीय उद्यान. तिथल्या दरीचा तळ सुमारे ४००० फुटांवर, ब्राइसचा कडा ८००० ते ९००० फुटांवर. म्हणजे सकाळी झायनहून निघालेला माणूस जेवायच्या आत दुप्पट उंचीवर पोचतो. आपलं कळसूबाई ५४०० फूट. तिच्या माथ्याहूनही अडीच हजार फूट वर तुम्ही गाडी लावता. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या पाऊणपट असतो, म्हणून दम लवकर लागतो. पुण्या-मुंबईहून नुकत्याच आलेल्या सत्तरीच्या माणसाला हे सांगायचं नाही, तर कोणाला सांगायचं?

त्यात इथली वाट उलटी. गडावर आपण आधी चढतो, दमलो की उतरतो. ब्राइसला पाय ताजे असताना उतार मिळतो आणि चढण शेवटी उरते. क्वीन्स गार्डन आणि नवाहो लूप या कड्यावरून खाली उतरणाऱ्या दोन वाटा मिळून जेमतेम तीन मैल, पण उतरलेले सहाशे फूट परत चढावेच लागतात, तेही भर उन्हात.

मी संसार यूटात केला. घरी आलेल्या किती काका-काकूंना तिथे नेलं असेल! माझे सासरे रोज पर्वती चढणारे. नवाहो लूपवरच्या वॉल स्ट्रीट या अरुंद घळीतल्या वळणावळणाच्या चढणीवर ते भिंतीला हात टेकून थांबले. शर्टावर मिठाचे पांढरे डाग, अंगावर घामाचा थेंब नाही. हवा इतकी कोरडी की घाम आल्याआल्या वाळतो, मग तहानही कळत नाही. "मला काही होत नाही" एवढं वाक्यही त्यांना एका दमात पुरं करता येत नव्हतं. मी त्यांच्याजवळ उभी होते. तुम्ही नव्हता.

तुमच्या आईबाबांना त्रास झाला नाही, हे वाचून खरंच बरं वाटलं. पण ते खाली उतरले होते की कड्यावरून बघून परतले, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. आणि एका घराचा अनुभव म्हणजे सगळ्यांना परवाना नव्हे.

विजांचं म्हणाल तर जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ढग भरून येतात आणि उघड्या कड्यावर आसरा नसतो. गडगडाट ऐकू आला की गाडीत बसायचं. रेंजर हेच सांगतात, मी तेच मराठीत लिहिलं. यात मोठेपणा मिरवण्यासारखं काय आहे?

हॉटेलांचे दर रोज बदलतात, ते मी देणार नाही. फोटो आहेत तेवढे पुरेत. ज्यांना दोन तासच काढता येतात त्यांनी दोन तासांत बघावं, माझी हरकत नाही.

इशारा मात्र लेखात राहील. यापुढे लिहाल तेव्हा नाव घालून लिहा. निनावी प्रतिक्रियेला मी पुन्हा उत्तर देणार नाही.