मदत तोडली की युद्ध संपतं? येमेनमध्ये हे करून झालंय

येमेनचा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे ढकलला जातो. त्याचा आशय असा: युद्धात माणसं गोळ्या-बाँबनी मरतात, तिथे औषधं काय करणार, जे पाठवाल ते बंदूकवाल्यांच्या घशात जातं, डॉक्टर लढणाऱ्यांनाच बरं करून परत आघाडीवर धाडतात, म्हणून मदत तोडा, दोन महिन्यांत दोन्ही बाजू गुडघे टेकतील. वाचायला करारी वाटतं. पण येमेनमध्ये जे घडलं त्याच्याशी त्यातलं फार थोडं जुळतं.

आधी गोळ्या-बाँबचं बघू. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या अंदाजानुसार 2021 च्या अखेरीपर्यंत या युद्धाने सुमारे 3 लाख 77 हजार बळी घेतले. त्यातले जवळपास 60 टक्के थेट हल्ल्यांत गेलेले नव्हते. भूक, आजार आणि उपचार न मिळणं यांनी ते गेले. 2017 चा कॉलरा याचं सर्वांत ठळक उदाहरण. पाण्याचे पंप चालवायला डिझेल नाही, सांडपाण्याची व्यवस्था कोलमडलेली, शहरांत कचरा साचलेला. त्यात आरोग्य सेवेतल्या सुमारे 30 हजार कर्मचाऱ्यांना जवळपास वर्षभर पगार नव्हता. त्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत संशयित रुग्ण पाच लाखांवर गेले. मृत्यू दोन हजारांच्या घरात होते.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. तीव्र कॉलऱ्याला उपचार मिळाले नाहीत तर निम्मे रुग्ण दगावू शकतात, तेही काही तासांत. येमेनमध्ये जे उपचारापर्यंत पोचले त्यांतले 99 टक्क्यांहून अधिक वाचत होते, असं जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वेळी सांगितलं होतं. यासाठी लागतं काय? सलाईन, जलसंजीवनीची पाकिटं, स्वच्छ पाणी आणि ते पाजायला माणूस. हा उपाय पारखला गेला तोही एका युद्धातच. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपातून वाटलं आणि तिथला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आणला. तेव्हा ‘औषधं काय करणार’ हे निदान आपण तरी विचारू नये.

चोरीचा आरोप मात्र उडवून लावण्यासारखा नाही. डिसेंबर 2018 मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाने स्वतःच जाहीर केलं की सरकारविरुद्ध लढणाऱ्या हूथी बंडखोरांच्या ताब्यातल्या भागात गरजूंसाठीचं धान्य भलतीकडे वळवलं जातंय. जून 2019 मध्ये त्यांनी हूथींच्याच ताब्यातल्या राजधानी सानामधलं वाटप अंशतः थांबवलं आणि लाभार्थ्यांच्या नोंदणीबाबत करार झाल्यावरच ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू केलं. म्हणजे चोरी झाली, ती पकडली गेली आणि त्यावर उपायही झाला. शिवाय तो माल धान्याचा होता. औषधं चोरीला जाऊच शकत नाहीत असं नाही, पण पोत्यासारखं ती बाजारात ओतता येत नाहीत, आणि खाटेवरच्या बाईच्या शिरेत चढलेलं सलाईन कुठला कमांडर काढून नेणार? खरा अडसर बहुतेक वेळा वाटेतच उभा होता. ऑगस्ट 2015 मध्ये होदेदा बंदरातल्या क्रेन हवाई हल्ल्यात निकामी झाल्या. बदली म्हणून चार फिरत्या क्रेन आणल्या, तर येमेन सरकारच्या बाजूने लढणाऱ्या, सौदीच्या नेतृत्वाखालच्या आघाडीने जानेवारी 2017 मध्ये त्या परत पाठवल्या. बंदरावर त्या पोचल्या जानेवारी 2018 मध्ये. मधलं अख्खं वर्ष कॉलऱ्याचं. कॉलऱ्याच्या लशीची पहिली मोहीमसुद्धा मे 2018 मध्येच होऊ शकली, तीही एडनला. (आपल्याला हे गाव ठाऊक असतं ते वासुदेव बळवंत फडके यांच्यामुळे, 1883 मध्ये तिथल्याच तुरुंगात त्यांचा अंत झाला. तेव्हा एडनचा कारभार मुंबईहून चाले.)

डॉक्टर लढणाऱ्यांवरही उपचार करतात हे खरंच आहे, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. जखमी होऊन शस्त्र खाली पडलेला माणूस जिनिव्हा करारांनुसार रुग्ण असतो, मग तो कुठल्याही बाजूचा असो. पण यावरून सगळ्या दवाखान्याला छावणी ठरवलं की काय होतं, ते अब्स गावात दिसलं. तिथल्या रुग्णालयाचा ठावठिकाणा ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने लढणाऱ्या सर्व बाजूंना कळवलेला होता. तरी 15 ऑगस्ट 2016 रोजी त्यावर बाँब पडला आणि 19 जण गेले. त्यानंतर संस्थेने उत्तर येमेनमधल्या सहा रुग्णालयांतून आपली माणसं काढून घेतली. त्याने लढाई काही थांबली नाही, रुग्णांचा दवाखाना तेवढा गेला.

आता शेवटचा, सगळ्यात लाडका दावा: मदत तोडा, युद्ध संपेल. हा प्रयोग प्रत्यक्षात झालेला आहे. हूथींनी सौदीची राजधानी रियाधच्या दिशेने क्षेपणास्त्र सोडल्यावर 6 नोव्हेंबर 2017 रोजी आघाडीने येमेनची बंदरं, विमानतळ आणि सीमा, सगळंच बंद केलं. इंधन संपत आलं तसे काही शहरांतले पिण्याच्या पाण्याचे पंप थांबले. त्याच सुमारास देशात घटसर्प पसरत होता आणि लशी घेऊन आलेलं विमान सानाला उतरलं तेव्हा जवळपास तीन आठवडे उलटले होते. कोण गुडघ्यावर आलं? कोणीही नाही. लढाई पुढे चार वर्षांहून जास्त चालली.

2 एप्रिल 2022 ला जी शस्त्रसंधी लागू झाली, तिच्या अटींत दोन महिन्यांत इंधनाची 18 जहाजं होदेदाला येऊ द्यायची आणि सानाहून आठवड्याला दोन प्रवासी विमानं सोडायची, असं लिहिलेलं होतं. सुमारे सहा वर्षांनी सानाहून पहिलं प्रवासी विमान उडालं ते 16 मे 2022 रोजी, जॉर्डनच्या अम्मानला, आणि त्यात उपचारांसाठी निघालेले रुग्णही होते.