उन्हाळा, सीसीडी आणि आठ इंची दुर्बीण: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, प्रतिक्रिया तिखट आहे, पण अर्धी बरोबर आहे. तुमचं म्हणणं असं: ताऱ्यांची चमक मोजायला आठ इंची दुर्बिणीवर जुना केएएफ-८३०० सीसीडी (जुन्या पद्धतीचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप) नीट चालत असताना आयएमएक्स ५७१ या चिपचा नव्या पद्धतीचा सीमॉस कॅमेरा बसवणं ही उधळपट्टी, अकोल्याच्या मे महिन्यात सेन्सर उणे २० अंशांना जातच नाही, त्यापेक्षा दहा इंची आरसा घ्यावा.

उणे २० ला जात नाही, मान्य. कॅमेऱ्यातला सेन्सर थंड करणारा असा कूलर हवेपेक्षा साधारण ३५ अंश खाली नेतो. रात्री अकराला हवा ३४ अंश असेल तर उणे १ ला गाडी अडली, तीही कूलर शंभर टक्क्यांवर. तिथं तापमान हेलकावे खातं आणि डार्क (झाकण लावून तेवढ्याच तापमानाला घेतलेले, वजा करायचे फोटो) जुळत नाहीत. म्हणून मेमध्ये सेटिंग ५ अंशांवर ठेवा, डिसेंबरात उणे १० वर, आणि दोन्हींचे डार्क वेगळे काढा. ५ अंशांवरही या सेन्सरवर १२० सेकंदांत उष्णतेमुळे एका पिक्सेलला सरासरी एक खोटा इलेक्ट्रॉनही जमत नाही. मग उणे २० चा हट्ट कशाला?

आता आरसा. आठाचा दहा इंच केला की प्रकाश १.५६ पट. जुन्या सेन्सरची कमाल क्वांटम कार्यक्षमता (पडलेल्या प्रकाशापैकी किती टिपला जातो ते) सुमारे ५५ टक्के, नव्याची ८० च्या आसपास. म्हणजे जवळपास दीडपट तर इथंच मिळाली, माउंटवर किलोभरही वजन न वाढवता. शिवाय रीड नॉइज, म्हणजे सेन्सर वाचताना होणारा गोंगाट, ८ इलेक्ट्रॉनवरून गेन (संकेत वाढवण्याचं सेटिंग) १०० ला दीडवर येतो. सीमॉसमध्ये २×२ बिनिंग (चार पिक्सेलांचा एक करणं) सॉफ्टवेअरमध्ये होतं, त्यामुळे हा गोंगाट दुप्पट होऊन ३ होतो. तरी जुन्यापेक्षा कमीच. अंधूक ताऱ्याच्या छोट्या एक्स्पोजरला खरा फायदा हा. आठव्या प्रतीच्या, म्हणजे त्या मानाने तेजस्वी ताऱ्याला मात्र काही फरक पडणार नाही. तिथं हवेची लुकलुक आड येते, सेन्सर नव्हे.

तुमचा कॅमेरा मध्येच डिसकनेक्ट होतो, त्याचा दोष सीमॉसवर टाकू नका. वायर बघा. १० मीटरची ०.७५ चौरस मिलिमीटर वायर जाऊन-येऊन अर्धा ओहम भरते. कूलरने ३ अँपिअर ओढले की दीड व्होल्ट वायरीतच गेले आणि १२ चे साडेदहा उरले. २.५ चौरसची टाका, घट अर्ध्या व्होल्टच्या आत येते.

फ्लॅटवर (धूळ-डाग काढायला एकसारख्या उजेडाच्या घेतलेल्या फोटोवर) पट्टे येतात तेही समजण्यासारखं आहे. मंद केलेला एलईडी प्रत्यक्षात भराभर चालू-बंद होत असतो आणि सीमॉसचं एकेक ओळ वाचणारं रोलिंग शटर ते टिपतं. प्रकाश कागदाने कमी करा, फ्लॅट ३ सेकंदांचा घ्या, आणि बायसऐवजी (शून्य वेळेच्या अंधाऱ्या फोटोऐवजी) तेवढ्याच वेळेचे डार्क वजा करा. जिनिंग सुरू झाली की रुईची कुसं फिल्टरवर बसतात. त्या दिवसांत फ्लॅट दर रात्री नवे. पावसाळा सरताना फोटोच्या मधोमध धुरकट गोल दिसला तर सेन्सरसमोर दव धरलंय, सिलिका जेल बदला.

जुना सीसीडी मात्र एवढ्यात विकू नका. सेन्सर बदलला की प्रत्येक रंगाचा प्रतिसाद बदलतो, आणि लाल चलताऱ्याच्या (चमक बदलणाऱ्या ताऱ्याच्या) आलेखात अदलाबदलीच्या तारखेला खोटी पायरी दिसते. चार-पाच रात्री तेच तुलना-तारे (ज्यांच्याशी चमक ताडून बघतो ते स्थिर तारे) दोन्ही कॅमेऱ्यांवर घ्या, त्यात एक निळा नि एक लालसर हवाच. फरक मोजून मगच गिऱ्हाईक बघा.